गेटावरचं नाव

प्रिय ताई,

गुडघा कसा आहे? जिने टाळतेस ना? मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण तुला लिहायला बसलं की तेवढंही खोटं चालत नाही.

मैदानावर नवा ट्रॅक झाला. लाल, पायाखाली मऊ. आपल्या लहानपणी तिथे वीटभट्टीचा खड्डा होता आणि बाबांनी शेजाऱ्यांना गोळा करून तो राखेने, विटांच्या तुकड्यांनी बुजवला, हे आता कुणाला पटायचं नाही. खेळून आलो की आई दारातच थोपवायची, पाय इतके काळे. लाँड्रीवाले काका गोलच्या खांबांना दोरी बांधून चादरी वाळत घालायचे. ज्याचा चेंडू चादरीला लागेल त्याने ती धुवायची, हा त्यांचा कायदा. तू एकदा झकास गोल मारलास आणि नाचायचं सोडून रडायला लागलीस! पुढे त्याच राखेवर तू वर्षानुवर्षं पोरींना पळवलंस. इकडच्या, नाल्यापलीकडच्या, सगळ्या एका रांगेत.

ट्रॅक झाल्यावर समितीची बैठक झाली. मीही समितीवर आहे. अध्यक्ष म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. त्यांचं म्हणणं, ट्रॅक टिकवायचा तर गेटला कुलूप हवं, आत फक्त सभासद. नाल्यापलीकडे एकही सभासद नाही, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. लाँड्रीवाल्या काकांची मुलगी तेवढी उठून उभी राहिली. तुझ्यानंतर पोरींना तीच शिकवते. ती तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "आणि गेटला बाईंचं नाव द्यायचं!" बाई म्हणजे तूच. टाळ्या पडल्या. मग माझ्याकडे वळून, "ताईंना विचारलंत ना?"

मी म्हणाले, "विचारलंय. हो म्हणाली."

तुला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी असं का बोलले, हे आठवडाभर स्वतःला विचारते आहे. भिडेखातर? तुझं नाव लोखंडी अक्षरांत दिसेल, या हौसेने? की त्या अक्षरांशेजारी मीही जरा दिसेन म्हणून? हे शेवटचं लिहिताना हात अडखळला, म्हणजे बहुधा तेच खरं. ती मुलगी मात्र खाली बसली. "बाई हो म्हणाल्यात म्हणजे काही विचार केला असेल," एवढंच पुटपुटली. मग मतदान झालं. मीही हात वर केला.

आता पोरी रस्त्याच्या कडेने पळतात. काल एक बस इतकी खेटून गेली की सगळ्यात छोटी घाबरून गटाराच्या कठड्यावर चढली. मी भाजी घेऊन येत होते. तिने मला ओळखून हात केला.

रविवारी पाटी बसणार. खरं सांगायला मी दोनदा डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले आणि दोन्ही वेळा दात दाखवून परत आले. दात मजबूत आहेत म्हणाले.

काकांच्या मुलीला मात्र राहवलं नाही. "बाईंनी असं कसं केलं, तोंडावर विचारूनच येते," म्हणत ती आज तुझ्याकडे निघाली आहे. तिच्यासमोरही माझं तोंड उघडलं नाही, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देते आहे. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. तिने वाटेत वाचलं असेल तर बरंच झालं. नसेल, तर तिला दारातच मोठ्याने वाचून दाखव. आणि तुझं उत्तर तिलाच दे, मला नको.

तुझीच,
धाकटी