देवमासा पूर्ण होईपर्यंत

५ जुलै १९९८
आजपासून रोज एक तास देवमासा. पुण्याच्या चित्रस्पर्धेचा विषय: नामशेष होत चाललेले जीव. बाकीचे वाघ काढणार. मी निळा देवमासा, तोही कॉम्प्युटरवर! श्रीरामपुरात दुसरं कोण काढतंय? शाळेच्या कॉम्प्युटर-रूमची किल्ली ड्रॉइंग मास्तरकडे, म्हणजे माझ्याकडेच. माऊसने रेघ वाकडी येते. माऊस खराब आहे.

१४ जुलै
जयमाला म्हणाली, वांग्यासारखा दिसतोय. बायकोला कलेतलं कळलंच पाहिजे असं नाही.
दादांची नवी तक्रार. दिव्याभवती रंगीत कडं दिसतंय, बाजूचं दिसंना, कपाळ लई ठणकतंय. वडिलांना शांतपणे समजावलं: मोतीबिंदू आहे, पिकल्याशिवाय काढत नाहीत. आसाराममामांचा चांगला दोन वर्षं पिकू दिला होता. नगरला नेईनच. आधी मासा.

२ ऑगस्ट
शेपटी झकास जमली. बंद करताना कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी ‘नो’ दाबलं. शेपटी गेली. मशीनला अक्कल नसते.
दादांनी जन्मात समुद्र पाहिला नाही. म्हणाले, तुझा मासा तरी दाव. म्हटलं, अर्धवट दाखवत नसतो, पूर्ण होऊ द्या. बिचारे बरं म्हणाले.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. मग दिवसभर डोळा. माशाचा.

३० ऑगस्ट
डोळा जिवंत वाटत नाही. घाई करणार नाही.
दादा उंबऱ्याला अडखळून पडले. जयमाला म्हणाली, रजा काढा, नगर काय विलायतेत आहे का? कच्चा मोतीबिंदू काढायचा नसतो हे तिला कोण सांगणार! मासा संपला की दुसऱ्या दिवशी पहिली एस.टी. नक्की.

१८ सप्टेंबर
मला न विचारता जयमाला दादांना नगरला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नाहीच, काचबिंदू. तो पिकत वगैरे नाही. गेलेली नजर परत येत नाही. लवकर का आणलं नाही, असं तिलाच रागावले. डॉक्टर वयाने लहान आहे. दुसऱ्याला दाखवू.
रात्री दादा ताटात भाकरी चाचपत होते. मी भाकरी उचलून त्यांच्या हातात दिली.

२७ सप्टेंबर
मासा पूर्ण झाला. स्पर्धेची तारीख उलटली, असू दे. दादांना हात धरून शाळेत आणलं, कॉम्प्युटरसमोर बसवलं. एकेक सांगत गेलो: ही पाठ, हे पोट, हा डोळा. आता जगात थोडेच उरलेत, हेही सांगितलं. दादांनी विचारलं, मग ह्यो एकलाच हाय का रं? काढायचा हुता की एक जोडीला.
तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा झाला. दादा तसेच त्याच्याकडे तोंड करून बसलेले. काचेवर हात ठेवून म्हणाले, लई झ्याक जमलाय गोरक्षा, डोळा तर पार माझ्याकडंच बघतोय.
मी हो म्हणालो. दादा बघत होते, म्हणून उठलो नाही.