आठवीच्या वर्गातला मागचा बाक

१३ नोव्हेंबर १९७८, सोमवार

एकदाचा चिकटलो बुवा! बी.एड. होऊन दोन वर्षं धारला घरी बसलो होतो, आता देवासला गणिताचा मास्तर. पहाटेची बस, इंदूरला बदलली, आणि नलिनी रस्ताभर स्टोव्ह मांडीवर घेऊन बसलेली. टपावर ठेवला तर पोचा पडेल म्हणे! घर टेकडीच्या पायथ्याशी, दोन खोल्या. घरमालक उमाशंकर भियांनी आल्याआल्या पोहे पाठवले, वर मूठभर सेव, आणि मास्साब, बेफिकर रेना, असा निरोप.

शाळा छोटी, आठवीपर्यंतच. कारखान्यांत नोकरीला आलेल्या मराठी मंडळींनी काढलेली. हेडमास्तर गणपतराव जुन्या वळणाचे, पण माणूस सरळ. इथले गणिताचे रत्नाकर सर दसऱ्याच्या सुट्टीत वारले, त्यांच्या जागी मी. आठवीत एकतीस पोरं आहेत. महिन्याभरात डोक्यावर घेतील मला, असं नलिनीला सांगून ठेवलंय.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

पोरं हुशार आहेत, पण एक खोड आहे. प्रश्न विचारला की उत्तर देणारा आधी मान वळवून मागे बघतो. शेवटच्या बाकावर तर कुणीच नसतं! गणपतरावांनी उलगडा केला. रत्नाकर सरांचे गुडघे गेले होते, म्हणून शेवटची दोन वर्षं ते मागच्या बाकावर बसूनच शिकवायचे. एका पोराला फळ्यापाशी उभं करायचं, त्यानंच वर्गाला समजावायचं, आणि सर मागून नुसती मान हलवून हो-नाही सांगणार. अजून सवय गेली नाही, जाईल हळूहळू, असं म्हणाले. त्या बाकावर पोरं साधं दप्तरही ठेवत नाहीत.

२२ नोव्हेंबर, बुधवार

'रत्नाकर सर असं करायचे.' आज सात वेळा ऐकलं, मोजलं मी. सगळ्यांत वरचढ ती प्रेमला. तेरा वर्षांची, दोन वेण्या, जीभ तिखट. मी अर्धा फळा भरून प्रमेय सिद्ध केलं, तर ही बया मागे बघते आणि म्हणते, सरांची रीत याच्याहून छोटी होती. मग करूनही दाखवली, चार ओळींत. बरोबर होती. तेच तर झोंबलं!

मेलेल्या माणसाचा हेवा करतोय मी. नलिनीला सांगितलं तर हसत सुटेल. पण वर्ग माझा, खडू माझा, आणि माना वळतात त्याच्याकडे? उद्या मीच जाऊन बसतो त्या बाकावर. बघा म्हणावं मागे, मीच दिसेन.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

बसलो. पोरांना उदाहरणं सोडवायला दिली आणि मागे जाऊन टेकलो. लाकूड गार होतं. क्षणभर डोळा लागला असेल नसेल, तोच तास संपल्याची घंटा झाली.

फळा काठोकाठ भरलेला. अक्षर तिरकं, माझं नव्हे. पोरांचे चेहरे फुललेले. सर, आज काय समजावलंत, मजा आ गया, असं म्हणत पाचसहाजण माझ्याभोवती जमले. मी फळ्यापाशी गेलोच नव्हतो. बाकावरून उठलो तेव्हा बोटांना मात्र खडू लागला होता.

१ डिसेंबर, शुक्रवार

या आठवड्यात तीनदा बसलो. नको होतं बसायला. पण कौतुकाची चटक वाईट! गणपतरावांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. पोरं वाटेत नमस्कार करतात.

अन् तरी जीव जळतोच. कौतुक ज्या तासाचं होतं, तो तास मला आठवतच नाही. कालचा मी स्वतः शिकवला, घाम गाळून. पोरं जांभया देत होती. आणि परत माना मागे.

९ डिसेंबर, शनिवार

छमाहीच्या कॉप्या, म्हणजे सहामाहीच्या उत्तरपत्रिका, तपासल्या. जे केलं ते इथं लिहितो, कुठं तरी लिहायला हवंच.

प्रेमलाची कॉपी शेवटी घेतली. एकही उत्तर चुकलेलं नाही. सगळी त्याच्या रीतीनं सोडवलेली, माझी एकही नाही. बेरीज एक्याण्णव झाली. मग मी परत पहिल्या पानावर आलो आणि प्रत्येक उदाहरणाखाली 'वर्गात शिकवलेली रीत नाही' असं लिहून गुण कापत गेलो. अठ्ठावन्न. छान वाटलं. पाणी प्यायलो, तरी छानच वाटत होतं.

१२ डिसेंबर, मंगळवार

प्रेमलाचे वडील शाळेत आले होते. विश्वासराव, कारखान्यात फिटर. माणूस रागावला नाही, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, साठाच्या खाली आली तर शाळा बंद, असं पोरीशी ठरलं होतं. नव्या वर्षात तिला आजोळी साताऱ्याला धाडणार, मामीच्या हाताखाली. हिला जमत नाही तर उगाच कशाला, असं मलाच विचारलं. मी मान हलवली.

गणपतराव सगळं ऐकत होते. विश्वासराव गेल्यावर मला म्हणाले, श्रीपादराव, कॉपी हातात घेतली की पोराचं नाव विसरायचं. रीत वेगळी असली तरी उत्तर बरोबर असेल तर गुण द्यावेच लागतात. तुमच्या रजिस्टरात मी हात घालणार नाही, शनिवारी निकाल लागेपर्यंत ते तुमच्याकडेच आहे. चुकलं असेल तर तुम्हीच दुरुस्त करा.

म्हणजे कळलंय त्यांना.

१३ डिसेंबर, बुधवार

दुरुस्त करायचं ठरवूनच गेलो होतो. देवाशपथ. लाल पेन खिशात होतं.

प्रेमला डोळे सुजवून आली. मी म्हटलं, कॉपी परत बघतो. तर ती म्हणाली, सरांनी तर बरोबर म्हटलं होतं. कोण सर, विचारलं. तिनं मागे बोट केलं. परीक्षेतही प्रत्येक उत्तरानंतर मागे बघितलं म्हणे, आणि मान हलली म्हणे!

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पेन खिशातच राहिलं. त्यालाच विचार म्हटलं गुण.

१४ डिसेंबर, गुरुवार

आज बाकाकडे फिरकलोही नाही. फळ्यापाशीच उभा होतो, पाठ वर्गाकडे, 'समजा' एवढंच लिहिलं—

मग बाकावर होतो. घंटा होत होती.

संध्याकाळचं काही आठवत नाही. नलिनी म्हणते, काल किती छान वागलात. दळण आणलंत, माझ्या आईची चौकशी केलीत, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, असेच राहा.

काल? आज गुरुवार ना? कॅलेंडर बघितलं. आज शुक्रवार आहे.

१५ डिसेंबर, शुक्रवार

रात्रभर तो माझ्या घरात होता. माझ्या ताटात जेवला. आणि तिला आवडला.

मी कधी आवडलो होतो असा?

नलिनीवर ओरडलो. ती घाबरली नाही, हिरमुसली. कालचा माणूस कुठं गेला, असं बघत राहिली माझ्याकडे.

उद्या सकाळी पहिलं काम, एक्याण्णव लिहायचे. मग बाक तोडायचा. क्रम चुकायचा नाही. आधी गुण. पोरीचं वर्ष माझ्या जळण्यापायी—

लिहीन मी. मीच लिहीन.

१६ डिसेंबर, शनिवार

बाकावर आहे. वही मांडीवर. उठता येत नाही. पाय आहेत पण गुडघे—

फळ्यापाशी मी उभा आहे. माझा शर्ट. माझा आवाज, पण असा मऊ कधीच नव्हता.

रजिस्टर उघडलं त्यानं. खिशातून पेन काढलं. माझं. वर्गाला सांगतोय की तपासताना आपली चूक झाली, प्रेमलाला एक्याण्णव. चूक झाली असं सरळ म्हणाला, सगळ्यांसमोर. मला जमलं नसतं. गुपचूप खाडाखोड केली असती मी.

प्रेमला रडतेय, हसतेय. दारात विश्वासराव आहेत, हात जोडून. गणपतराव त्याच्या खांद्यावर हात ठेवतात.

ते गुण मला द्यायचे होते. मला—

हाका मारल्या. आवाज फुटत नाही. हात वर केलाय कधीचा. कुणीच मागे बघत नाही. प्रेमलासुद्धा. आता कशाला बघतील, पुढेच आहे ना तो!

सुटली शाळा. पोरं चालली.

फाटकात नलिनी. आज टेकडीवर जायचं ठरलंय म्हणे, परवा रात्री त्याच्याशी— नवं लुगडं नेसलीय. अहो, म्हणून हाक मारतेय. तो हात झटकतो, रुमालाला पुसतो, निघाला. खिडकीतून दिसतंय. ती हसली. अशी माझ्याकडे बघून कधी—

नलिनी, तो मी नाही. इकडे बघ. एकदाच मान वळव, मी इथं, माग