न झालेली दुसरी फेरी

प्रिय एमेट,

पन्नास वर्षांनी तुला पत्र लिहितोय आणि पहिलंच वाक्य चार वेळा खोडलं. आपल्या कॉलेजातल्या फ्रॅटर्निटीच्या, त्या बंधुसंघाच्या, शताब्दी समितीचं जाड पाकीट तुला पुढच्या आठवड्यात मिळेल. ते उघडायच्या आधी हे वाच. पाकिटात काय आहे ते सांगूनच टाकतो. ऑक्टोबरात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, त्या शनिवारी तुला रीतसर बंधू करून घ्यायचं ठरलंय. तू यावंस असं सगळ्यांना वाटतं, मलाही फार वाटतं. पण हे पत्र वाचून तू बहुधा येणार नाहीस अशी भीती वाटते, आणि मी हे न लिहिता तू आलास तर त्याचीही भीती वाटते. माझं डोकं ठिकाणावर नाही, समजून घे.

औषधांचं दुकान विकल्यापासून मी रिकामाच. म्हणून फ्रॅटर्निटीच्या घराच्या इतिहासाचं पुस्तक समितीनं माझ्या गळ्यात मारलं. दर शरद ऋतूत मदतीसाठी जे पत्र जातं, त्याला आजवर कुणी कुणी उत्तर दिलं याची यादी आमच्या तरुण सेक्रेटरीनं, नोलननं, केली. एक दिवस तो म्हणाला, "लॉवेल, हा एमेट कोवाल्स्की कोण हो? याचं एक वर्षही चुकलेलं नाही, आणि सभासदांच्या सह्यांच्या वहीत तर नावच नाही!" तू उमेदवार असताना तुझा पत्ता यादीत घातला होता. तो काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणजे ज्याला आम्ही दारातून परत पाठवलं, त्यालाच आम्ही वर्षानुवर्षं 'प्रिय बंधू' म्हणून हात पसरत राहिलो. आणि तू चेक पाठवत राहिलास! का रे बाबा? सोबतच्या तुझ्या चिठ्ठ्याही सापडल्या. 'पोर्चच्या छपरासाठी.' 'जिन्याच्या कठड्यासाठी, घसरून घसरून मीच तो सैल केला होता.' तू आम्हाला माफ केलंस, की आमची थट्टा करत होतास, ते दोन दिवस त्या चिठ्ठ्या वाचूनही मला कळलं नाही.

आपण कॉलेजच्या खानावळीत शेजारी शेजारी ताटं विसळायचो, आठवतं? तू गॅरी शहरातला, वडील पोलादाच्या भट्टीवर. तुझ्या आईनं पाठवलेल्या पिएरोगींचा, त्या सारण भरून उकडलेल्या करंज्यांचा, डबा मी फ्रॅटर्निटीच्या घरात नेला आणि मागोमाग तुलाही नेलं. तुझं नाव सुचवणारा मीच. मला तिथं वर्ष झालं होतं तरी अर्ध्या पोरांना माझं आडनाव ठाऊक नव्हतं. तू महिन्याभरात सगळ्यांचा झालास. मी एकटा आत शिरलो की पोरं ओरडायची, "हे काय, एकटाच? एमेट कुठाय? जा, त्याला घेऊन ये!" मी हसायचो. तुझा मला राग यायचा असं आज लिहिताना लाज वाटते, पण यायचा.

मग फेब्रुवारीतला तो शनिवार. मतदान कसं होतं ते तू कधी पाहिलं नाहीस. लाकडी पेटी हातोहात फिरते, कापडाखाली हात घालून प्रत्येकानं पांढरी किंवा काळी गोटी टाकायची. एक जरी काळी निघाली तरी उमेदवार बाद. कुणाची ते कुणी विचारायचं नाही. मात्र आपल्या घराची एक दयाळू रीत होती. काळी एकच निघाली तर हात चुकला असेल असं धरून पेटी पुन्हा एकदा फिरवायची. त्या दिवशी दोन वाजता बास्केटबॉलची मॅच होती. एक काळी निघाली, आणि अध्यक्षानं झाकण लावलं. "चला चला, लागला निकाल, मॅच बुडेल." सगळ्यांनी रॉइस टिलमनकडे पाहिलं, कारण भट्टीवाल्यांच्या पोरांबद्दल तोच कायम कुरकुरायचा. तू उसना टाय लावून पोर्चवर उभा होतास. सांगायला मी आलो. तू म्हणालास, "जाऊ दे रे, तू तरी होतास ना माझ्या बाजूनं." रॉइस गेल्या मार्चमध्ये वारला. ती गोटी आपली नव्हती असं तो शेवटपर्यंत सांगत होता, पण कुणाला ते पटलं नाही. मेळाव्यात तो आपलं राजमा-खिम्याच्या चिलीचं भांडं घेऊन एकटाच बसायचा.

गेल्या महिन्यात आम्ही नऊ म्हातारे तुझ्यासाठी पुन्हा जमलो. "आता कसल्या गोट्या, हात वर करा आणि सुटा," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "नियम तो नियम. पन्नास वर्षं थांबलाय, आणखी पाच मिनिटांनी काही म्हातारा होत नाही." नऊच्या नऊ पांढऱ्या निघाल्या. टाळ्या वाजल्या. मग कुणीतरी म्हणालं, "तेव्हा रॉइस नडला नसता तर!" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, आणि तेव्हापासून मला स्वतःचं तोंड बघवत नाही.

एमेट, ती काळी गोटी माझी होती. दुसऱ्या फेरीत मी पांढरी टाकणार होतो. पाच मिनिटं तुझा जीव टांगणीला लागावा, तुलाही इथं सगळं फुकट मिळत नाही हे कळावं, एवढंच मनात होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो. पण झाकण लागलं तेव्हा 'माझा हात चुकला' एवढं म्हटलं असतं तर पेटी पुन्हा फिरली असती, आणि मी गप्प बसलो. का बसलो ते मला आजही सांगता येत नाही. उद्या मी रॉइसच्या मुलीकडे जाऊन हे कबूल करणार आहे. मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगेन, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. पाकिटातल्या कागदावर एक ओळ आहे. वहीत सही करताना नव्या बंधूच्या शेजारी त्याचं नाव सुचवणारा उभा राहतो, म्हणून तिथं माझं नाव छापलंय. ये रे, एमेट. ते नाव मात्र ठेवायचं की खोडायचं, हे या वेळी तू ठरव.

तुझाच, हे लिहायचा हक्क उरला आहे की नाही कोण जाणे,
लॉवेल