जलपर्णीची फुकटची फुलं

आप्पा, आज सकाळी तळ्यावर जाऊन आलो. बागेतलं, तुम्ही राखत होतात तेच. काठावर नवी पाटी ठोकलीय, 'पाणी घाण करू नये', आणि पाटीच्या बुडाशीच नळातून गटार धो धो आत पडतंय. अक्कल गहाण ठेवायला या लोकांना दुकान तरी कुठलं सापडतं, देव जाणे.

बहात्तरच्या दुष्काळात तळ्याचा तळ जुन्या मडक्यासारखा तडकला होता. त्याआधी पाणी यायचं ते पावसाचं, माळावरच्या गवतातून गाळून; उन्हाळ्यात बागेच्या विहिरीचं. तुम्ही रोज सकाळी कोपरापर्यंत हात बुडवायचात आणि नखं दिसली की म्हणायचात, "बेस हाय." दुष्काळ सरला, पावसाने तळं अर्धं भरलं, तुम्ही नवे मासे सोडलेत, तरी विहीर भरेना. बागेच्या कचेरीतल्या साहेबांना मात्र नौकाविहाराचं उद्घाटन उरकायचं होतं. साहेब म्हणजे नुसती इस्त्रीची घडी. पाण्याशी संबंध टेबलावरच्या पेल्यापुरता. त्यांनी वस्तीचा नालाच तळ्यात वळवला. तुम्ही हात जोडून उभे आहात, अजून दिसता.

"साहेब, ह्यात मोऱ्यांचं, संडासाचं, रंगवाल्यांचं समदं येतंय. मासं मरतील की."

"अहो, पाणी ते पाणी. तळं भरल्याशी मतलब."

"खत जादा झालं तर पीक जळतंय, साहेब. माशानं पळून कुटं जायचं?"

पाणी आधी हिरवं झालं. साहेब खूश, "बघा, कसं हिरवंगार!" मग जांभळ्या फुलांची जलपर्णी आली आणि बघता बघता पसरली. तुम्ही कमरेएवढ्या घाणीत उतरून ती उपटताय, तर साहेब काठावरून ओरडतात, "काढू नका! फुलं फुकटात आलीत. नावेपुरती वाट ठेवा, बास!" गाढवाला गुळाची चव काय! वर जांभळा शालू, खाली अंधार आणि सडका पाला. उद्घाटनाच्या सकाळी मासे तोंडं वर काढून हवेसाठी तडफडत होते. पाहुणे येईस्तोवर सगळे पांढरी पोटं वर करून पडले. साहेबांनी नाकाला अत्तराचा रुमाल लावला. त्यांच्या उभ्या नोकरीतला तेवढा एकच निर्णय अचूक.

खापर फोडायला डोकं हवं होतं, ते तुमचं सापडलं. राखणदाराने माशांना पेंड जास्त घातली म्हणून पाणी नासलं, असा अहवाल गेला आणि तुम्हाला घरी बसवलं. बाजारात लोक हसायचे, "काय आप्पा, पेंड लई झाली व्हय?" तुम्ही मान खाली घालायचात. घरी येऊन विचारायचात, "म्या तर नाल्याचं सांगितलं हुतं. कागदावर पेंड कुटनं आली?" मरेपर्यंत विचारत राहिलात.

कुठून आली ते सांगतो. रद्दीतली पुस्तकं वाचून मी त्याच कचेरीत नवा नवा कारकून झालो होतो. अक्षर बरं म्हणून अहवालाची प्रत मीच काढली. साहेब म्हणाले, "बापाचा अंगठा घेऊन ये, तुला कायम करतो." तुम्ही विचारलंत, "काय लिवलंय रं? वाचून दाखव." मी म्हणालो, "तुमचंच म्हणणं हाय, आप्पा. नाल्याचं." तुम्ही ठसा उमटवलात आणि दुसऱ्या हाताने माझी पाठ थोपटलीत.

त्या साहेबाला शिव्या घालण्यात माझा जन्म गेला. पण वाचून दाखव असं तुम्ही त्याला म्हणाला नव्हतात. हे पत्र पाकिटात घालत नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, आणि तुम्ही ते पुन्हा माझ्याच हातात द्याल.