तीन नंबरच्या टॅपेटवरची लाल रेघ

कुळगाव, बदलापूर
मंगळवार, सकाळ

प्रिय विनिता,

सासऱ्याने सुनेला लिहायचं तर 'चि. सौ. विनितास अनेक आशीर्वाद' असं लिहितात, हे मलाही ठाऊक आहे. पण आशीर्वाद देण्याच्या लायकीचा मी सध्या नाही, म्हणून नुसतं प्रिय. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी फोनवर माझा आवाज आपोआप चढतो हे तू जाणतेस. पत्रातून निदान ओरडता येत नाही. अक्षर मोठं आणि वाकडंतिकडं दिसेल. हसू नकोस, त्याचं कारण पुढे येईलच.

घरची खबर अशी की तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत, माझ्याशी बोलत नाहीत एवढंच. ताट वाढतात ते आदळून. तुझा नवरा हितेश ड्युटी संपली की कंपनीतून थेट तुझ्या माहेरी जेवायला पळतो आणि घरी येऊन तुझ्या आईच्या हातचं सुकटीचं कालवण किती झकास होतं ते मला ऐकवतो. मुद्दाम. त्यानेच परवा सांगितलं की तू अंबरनाथला एका पॅकिंगच्या कारखान्यात नोकरी बघते आहेस, आणि पाना पुन्हा हातात धरायचा नाही असं ठरवलं आहेस. आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त लागली. बबनच्या ट्रकचं काम करताना आपलं नेमकं कुठे चुकलं, हे तू अजून आठवत बसतेस म्हणे.

आठवणींचं म्हणशील तर मलाही एक येते. लग्न होऊन आलीस तेव्हा तू गॅरेजात फक्त डबा द्यायला यायचीस. एकदा एक टेम्पो मिसिंग मारत होता. मी चालू इंजिनवर डिझेलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल करत होतो. नट सैल केल्यावर इंजिन आणखी अडखळलं तर तो सिलिंडर चांगला. आवाजात काहीच फरक पडला नाही तर दुखणं तिथेच. तू दारातून म्हणालीस, "बाबा, दुसरा. दुसऱ्याला काही झालं नाही." मी तेव्हा अजून कान लावूनच उभा होतो. डबा तसाच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी मी तुझ्या हातात बारा-तेराचा पाना दिला. भावकी म्हणाली, हरिचंद्राने नव्या सुनेला ग्रीसमध्ये घातली. मी एकेकाला सुनावलं होतं, की ज्याच्या घरी असे कान असतील त्याने बोलावं. आणि ती भावकी बोलली नाही इतकं वाईट अखेर मीच बोललो.

तर आता बबनच्या ट्रकचं ऐक. त्या दिवशी तू फिल्टर बदललेस, नोजल साफ केलेस, सकाळच्या थंड इंजिनवर एकेका व्हॉल्ववरची फट गेजच्या पात्याने मोजून सगळे टॅपेट लावलेस. एकेक टॅपेट लावून झाला की नटापासून स्क्रूपर्यंत नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची तुझी पद्धत. पुढे कुणी हात लावला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. मी त्या रेघांना नेहमी हसायचो, इंजिनाला नटवतेस काय म्हणून. तू जेवायला घरात गेलीस, आणि बबन मला म्हणाला, "दादा, आता सूनबाईच उस्ताद. तुम्ही खाटेवर पडून रेडिओ ऐका." तो गमतीनेच म्हणाला गं. पण मला ते झोंबलं.

पुढचं तुला माहीत आहे. ट्रक चालू केला, जरा वेळ बरा चालला, आणि इंजिन तापलं तसं उभ्या जागी थडथडायला लागलं. आरसे हलायला लागले. आणि मी बबनच्या, त्याच्या क्लिनरच्या, शेजारच्या टायरवाल्याच्या देखत म्हणालो, बायकांच्या हाती पाना दिला की असंच व्हायचं. तू सगळे पाने केरोसीनमध्ये धुतलेस, पुसलेस, क्रमाने लावून ठेवलेस आणि माहेरी निघून गेलीस. आज बारावा दिवस. ते पाने मी अजून तसेच ठेवले आहेत.

तू गेल्यावर मी त्या ट्रकमागे लागलो. पेंढ्याच्या भाड्यांचे दिवस, पण बिचाऱ्या बबनने भावाचा टेम्पो मागून आणून काम भागवलं. मी डिझेलची लाइन सोडून पुन्हा बसवली, हवा काढली. फरक नाही. मग नोजलवर संशय धरला आणि उल्हासनगरला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. खोक्यांच्या ढिगातून एक खोकं निवडून काउंटरवर ठेवलं, तर शेठ म्हणाला, "साईं, ये तो दूसरे मॉडल का है, नंबर पढ़ो ना." मी म्हणालो, तुमच्या दुकानात उजेड कमी आहे. भर दुपार होती, विनिता, आणि दुकान रस्त्याला उघडं.

नवे नोजल बसवूनही थडथड तीच. शेवटी परवा मी पाइपांचे नट एकेक करून सैल केले. ही तपासणी पहिल्या दिवशीच करायची, हे मी तुला शिकवलं. मी ती दहाव्या दिवशी केली, कारण दुखणं शोधण्यापेक्षा तुला नाव ठेवणं सोपं होतं. पहिला नट, इंजिन अडखळलं. दुसरा, अडखळलं. तिसरा, काहीच नाही. इंजिन थंड होऊ दिलं आणि हेडचं कव्हर उघडलं. तुझ्या लाल रेघा होत्या तिथे होत्या, सरळ. फक्त तीन नंबरच्या सिलिंडरच्या एका टॅपेटवरची रेघ तुटलेली होती. टॅपेट इतका आवळलेला की इंजिन तापल्यावर व्हॉल्व पूर्ण बंदच होत नव्हता.

ती रेघ मी तोडली होती. तू जेवत होतीस तेव्हा, बबन तंबाखू आणायला गेला तेव्हा. मला तो टॅपेट उगाच सैल वाटला, म्हणजे तो सैल निघायला मला हवा होता. मी गेजच्या पात्यांतलं एक पातं काढलं, फटीत घातलं आणि नट आवळून कव्हर लावून टाकलं. हात लावल्याचं मला आठवत होतं. पण चूक माझी असेल असं मनातच आलं नाही, चाळीस वर्षांत कधी आलं नव्हतं. परवा तेच गेज उन्हात धरलं. पात्यावरचा आकडा मला वाचता येईना. फटीला हवं त्याहून पातळ पातं मी त्या दिवशी घातलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, वर्ष झालं असेल. कुणाला सांगितलं नव्हतं. काल तुझ्या सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "चष्मा पुसून पुसून पंच्याला भोक पारलास, मना काय कलत नाय?" बारा दिवसांत माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

तुझं काहीही चुकलेलं नाही, पोरी. एक नट, एक पातं, काहीही नाही. मी ज्या जागेवर उभा राहून तुला बोललो, त्याच जागेवर काल बबनला, क्लिनरला आणि टायरवाल्याला बोलावून हे सांगितलं. घरातही मी आपली ती नट सैल करायची तपासणी करून पाहिली. हितेश दिवसभर कामावर असतो, घराच्या आवाजात काडीचा फरक पडत नाही. त्याला सांगू नकोस. तू गेलीस आणि सगळं घर मिसिंग मारायला लागलं. मी चुकलो. मला माफ कर.

बबन म्हणाला, दादा, कळलंय ना, मग सेट करून टाका. मी नाही म्हणालो. दिसत नसलेल्या माणसाने गेज धरू नये, आणि ती रेघ जिची आहे तिनेच पुन्हा ओढावी. हे पत्र बबन तुझ्या हातात देईल. वाचताना तुझ्या दाराबाहेर एक थडथड ऐकू येत असेल. ती तुझी नाही, माझी आहे. गेज, पाने आणि तुझी नेलपॉलिशची बाटली घेऊन मी ट्रकमध्येच बसलो आहे, हे शेवटचं इथेच बसून लिहितो आहे. कुळगावपासून इथपर्यंत हळूहळू आलो, तरी इंजिन चांगलंच तापलं आहे, आणि टॅपेट थंड इंजिनवरच लावायचे असतात. निवायला दोन-तीन तास तरी लागतील. लावायचे की नाही, ते तू ठरव. तोवर मला एक कप चहा मिळेल का?

तुझाच,
क्लिनरच्या सीटवर बसलेला
बाबा