कापलेलं वाक्य

प्रिय बारक्या,

तुझ्या सिनेमाचं संकलन तू मलाच का दिलंस, या विचाराने तीन आठवडे माझं डोकं पोखरलंय. ढीगभर संकलक मोकळे बसलेत. नऊ वर्षं आपण धड बोललो नाही, आणि अचानक तुझा निरोप, ताई, तूच कर. कुठेतरी पाणी मुरतंय हे मी तेव्हाच ओळखलं.

कामाच्या पहिल्याच दिवशी उलगडा झाला असं वाटलं. तुझ्या सिनेमातली ती थोरली बहीण! बिस्किटं मोजून ठेवते, पाहुण्यांच्या पिशव्या चाचपते, आणि आईची अंगठी हरवल्यावर भावाची बॅग जिन्यात उलटी करून त्याला घराबाहेर काढते. लोक पोट धरून हसतील. मला नाही हसू आलं. बिस्किटं मी कधीच मोजली नाहीत, डब्यावर फक्त पेन्सिलीने खूण करायचे.

पुढे ही बाई हळूहळू निवळते. डबा उघडा ठेवायला शिकते. शेवटी अंगठी पिठात सापडते आणि ती जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर भावाची माफी मागते. ते बघून मी सिनेमा तिथेच थांबवला. तुला कुणी सांगितलं? मावशीने? तिला फोन करून आडून आडून विचारलं, तर तिने गुडघ्यांचं पुराण लावलं. तिचाही मला संशय आलाच.

काल दुपारी त्या माफीच्या प्रसंगाचे सगळे टेक ऐकले. तू 'कट' म्हटल्यावरही आवाज थोडा वेळ मुद्रित होत राहतो. तुझी नटी विचारते, खरी अंगठी सापडली का हो? आणि तू म्हणतोस, "छे! सापडली असती तर ताई धावत आली असती सांगायला. संशयी आहे ती, पण लबाड नाही."

मी हेडफोन काढला आणि खूप रडले.

बारक्या, अंगठी सापडली होती. आईच्या जुन्या कोटाच्या अस्तरात, तू गेल्यावर चौथ्या महिन्यात. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता लाजेने जीभच उचलली नाही. तुझ्या सिनेमातली बाई दोन तासांत सुधारली. तिचं माफीचं वाक्य मी कापलंय, कारण ते आधी मी म्हणायला हवं होतं. चुकले रे मी. तू चोर नव्हतास. रविवारी अंगठी घेऊन येते. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
ताई