मामानं खोडलेला विषय

नागपूर, १० जुलै १९८४

बाबा, तुमाले आणि आईले नमस्कार.

मी बरी आहे, होस्टेलचं जेवणही ठीक आहे. पण आईले सांगा, तिच्या भावाशी मी बोलत नाई!

कॉलेजच्या फॉर्मवर मी बायोकेमिस्ट्री लिहिलं होतं. मामानं ते खोडून बॉटनी टाकलं. म्हणते, "पोराकडच्यायले झाडं समजतात. हे तुहं काय सांगाचं त्यायले?"

बाबा, दुधाचं दही काऊन होते, हे शिकाचं आहे मले. आईले सांगतलं तं तिले एका मिनिटात समजलं. पोराकडच्यायच्या घरी दही लागत नाई का?

आईचा खोकला कसा आहे?

संगं नवा फॉर्म आहे. विषय मी लिहिला, तुमी फक्त सही करा. शुक्रवार शेवटचा दिवस आहे. मामाजवळ देऊ नका, देवळीच्या बसच्या कंडक्टरजवळ द्या. तो खोडत नाई.

तुमची लीना